मदत हवी आहे: केंद्र सरकारची पडीक जमीन शहराच्या उद्यानासाठी कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. सिएटलजवळच्या आमच्या छोट्या शहरात अमेरिकन केंद्र सरकारची जुनी जागा कुंपणाआड पडून आहे. तिथे सर्वांसाठी उद्यान व्हावं, असं आम्हा शेजाऱ्यांना मनापासून वाटतं.

सिएटलचं ५३४ एकरांचं डिस्कव्हरी पार्क असंच लष्कराच्या फोर्ट लॉटनच्या जमिनीवर उभं राहिलं. 1970 मध्ये मूळ अमेरिकन लोकांनी त्या जमिनीवर हक्क सांगत तिथे आंदोलन केलं आणि त्यातूनच पुढे डेब्रेक स्टार हे त्यांचं सांस्कृतिक केंद्र झालं. आमच्या जागेबाबतही आधी स्थानिक जमातींशी बोलायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

वाचलं त्यावरून, जागा ‘सरप्लस’, म्हणजे केंद्र सरकारला गरज नसलेली, ठरली की शहर नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय उद्यान विभागामार्फत अर्ज करू शकतं. ती फुकटही मिळू शकते, पण कायम उद्यानच ठेवावं लागतं. अट मोडली तर सरकार परत घेऊ शकतं. शिवाय 1987 च्या मॅकिनी कायद्याप्रमाणे बेघरांसाठीच्या वापराचा विचार आधी होतो, आणि ते योग्यच आहे.

तुमच्यापैकी कुणी नगरपालिकेत किंवा नगररचनेत काम करतं का? जागा सरप्लस जाहीर होण्याआधी नागरिकांनी नेमकं काय करावं? नगरपरिषदेकडे आधी जावं की काँग्रेसमधल्या (अमेरिकन संसदेतल्या) आपल्या प्रतिनिधीकडे? अर्जात देखभालीचा खर्च कसा दाखवतात, हेही कृपया सांगा.