थायरॉईडची गोळी आणि ‘ड’ जीवनसत्त्व: वेळा कशा सांभाळाव्यात?

जळगावहून प्रश्न:
माझ्या आईला अनेक वर्षांपासून थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व खूपच कमी, 11 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आल्याने डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा 60,000 युनिटची गोळी आणि रोज कॅल्शियम लिहून दिले. ती पहाटे पाणी भरायला उठते, तेव्हाच साऱ्या गोळ्या एकदम घेते. हे योग्य आहे का?

धुळ्याहून उत्तर:
ताई, कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात नीट शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे. माझ्या सासूबाईंचा टीएसएच (थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) याच कारणाने वाढला होता. आता त्या पहाटे नुसत्या पाण्यासोबत थायरॉईडची गोळी घेतात आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

चोपड्याहून उत्तर:
‘ड’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे ती गोळी जेवणानंतर घ्यावी. आम्ही रविवारी भरीत-भाकरी झाली की घेतो आणि दिनदर्शिकेवर लाल खूण करतो, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

जळगावहून:
मनापासून आभार. कॅल्शियमची बाटली आईच्या उशापासून उचलून स्वयंपाकघरात, भाकरीच्या डब्याशेजारी ठेवली आहे.