अनुभव धागा: सुट्टी लागायच्या आधी तुमच्या वर्गातली मुलं कुणाला काय देतात?

पहिलं सत्र संपत आलं की वर्गाचा नूर बदलतो. चाचणीचे पेपर झालेले असतात, खिडकीला कार्डशीटचे आकाशकंदील लागतात आणि मुलांच्या तोंडी एकच विषय असतो, मामाच्या गावाला कधी जायचं. या दिवसांत काही शिकवून होत नाही असं आपण म्हणतो. पण सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हातून दुसऱ्यासाठी काहीतरी घडवून आणायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

2009 पासून देशभर दानउत्सव साजरा होतो, हल्ली तो 2 ते 8 ऑक्टोबरला असतो. मोठ्या खासगी शाळांत त्या आठवड्यात कपड्यांची, खेळण्यांची खोकी भरतात. चांगलंच आहे ते. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मात्र प्रश्न वेगळा असतो. तिथे देणारा आणि घेणारा एकाच बाकावर बसलेला असतो. 'गरिबांसाठी जुने कपडे आणा' असं फळ्यावर लिहिलं की एखादं पोर गप्प होऊन दप्तरात तोंड घालतं. त्याच्या अंगावरचा शर्टच कुणाचा तरी जुना असतो.

म्हणून हा धागा. तुमच्या वर्गात काय केलं, ते बारकाव्यांसकट लिहा. दिलेली वस्तू आईबाबांच्या खिशातून आली की मुलाची स्वतःची होती? घेणाऱ्याचा मान कसा राखला? दिवाळीच हवी असं नाही, नाताळ, संक्रांत, होळी, काहीही चालेल. मुलांची आणि शाळांची नावं, फोटो मात्र नकोत.

सुरुवात मी करते. माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. दिवाळीच्या गृहपाठात शुद्धलेखनाची पानं कमी करून मी एक काम घालते: घरातलं एखादं माणूस रोज जे काम करतं आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, ते सुट्टीत तुम्ही करायचं आणि दोन ओळी लिहायच्या. सुट्टीनंतर वह्या उघडल्या की घराघरांतली कामं समोर येतात. 'मी आजीचं पान खलबत्त्यात कुटून दिलं. आजीला दात नाहीत.' 'मी बाबाचे बूट उन्हात ठेवले. बाबा रात्री कामाला जातो.' या कामाला पैसे लागत नाहीत, त्यामुळे वर्गात कुणी मागे राहत नाही.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, धारूर तालुका, बीड

ताई, आमच्याकडे दिवाळी वर्गात होतच नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) ठरलेला असतो, आणि ट्रक गावात आला की हजेरीपटावरची निम्मी नावं त्यात बसून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात. काही मुलं आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात थांबतात, बाकीची आईबापासोबत उसाच्या फडावर. म्हणून आम्ही दिवाळी ट्रक यायच्या आधी उरकतो.

त्या दिवसासाठी मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं महिनाभर जमवलेली असतात. चौथीची मुलं ती शिवून नवीन वह्या करतात, जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानांचं कव्हर घालतात. जाणाऱ्या प्रत्येकाला एक वही आणि राहिलेल्यांच्या हातचं चित्र. सोबत मी शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. जाणाऱ्या मुलांनीसुद्धा काहीतरी देऊन जायचं असतं. शाळेच्या परसबागेत प्रत्येकाचं एक रोप आहे, वांगं, मिरची, शेवगा. जाणारा आपलं रोप थांबणाऱ्याच्या हवाली करतो आणि ते कसं सांभाळायचं हे सगळ्यांसमोर सांगतो. एका पोरीने तर घरची शेळीसुद्धा मैत्रिणीला समजावून दिली होती: 'तिला डाव्या बाजूनं जवळ जायचं नाही, बुजते.' फडावरून मुकादमाच्या फोनवर त्यांचा आवाज येतो तेव्हा पहिला प्रश्न वहीचा किंवा अभ्यासाचा नसतो, 'माझ्या मिरचीला फूल आलं का' हाच असतो. ज्याच्याकडे सांभाळायला दिलेलं काही मागे आहे, ते लेकरू परत येतं, असा माझा अनुभव आहे. सगळी येत नाहीत. पण येतात.

पालक, पुणे

मी आई म्हणून लिहितेय. माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला 'फटाक्यांचे पैसे वाचवून द्या' म्हणून ठरावीक रक्कम आणायला सांगितली. मुलगा माझ्याकडून नोट घेऊन गेला आणि पाकिटात टाकून आला. फटाके नंतर आलेच. त्याच्या हिशेबी दोन्हींचा काही संबंध नव्हता, कारण त्याने स्वतः काहीच सोडलेलं नव्हतं.

नंतर वस्तीतल्या मुलांना फराळाची पाकिटं वाटली. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आले. पाकीट घेणारी मुलगी आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या ताईंची होती. त्या ताईंनी तो फोटो कुणाच्या तरी फोनवर पाहिला. मला काही बोलल्या नाहीत, पण मुलीला पुन्हा तिथे पाठवलं नाही. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, फोटोचा मोह टाळा. अहवालाला जोडायचाच असेल तर पाकिटांचा जोडा.

एकेकाळचा 'घेणारा', सोलापूर जिल्हा

वरचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. मी पोषण आहाराच्या खिचडीवर वाढलेला मुलगा आहे आणि शाळेत मला बरंच काही मिळालं. गणवेश, वह्या, एकदा चपला. आज मी चांगल्या नोकरीत आहे, आणि देणाऱ्यांविषयी मनात फक्त कृतज्ञता आहे. तरीही कसं मिळालं ते कायम लक्षात राहतं. परिपाठाच्या वेळी नाव पुकारून, सगळ्या शाळेसमोर, पाहुण्यांच्या हातून घेतलेला गणवेश मला घालवत नसे. आई रागावायची.

चौथीला आमच्या गुरुजींनी एक कपाट ठेवलं होतं. 'वर्गाच्या वह्या' म्हणायचे त्यांना. ज्याची वही संपेल त्याने तिथून घ्यायची, ज्याच्याकडे जास्तीची असेल त्याने ठेवायची. कुलूप नाही, नोंद नाही. सावकाराचा मुलगाही घ्यायचा आणि मीही. मी त्यात काय ठेवणार? गुरुजींनी माझ्याकडे कपाट आवरायचं आणि पेन्सिलींना टोक करून ठेवायचं काम दिलं. ब्लेडने सरळ, लांब टोक काढायला मी तिथे शिकलो. माझ्या टोकांची वर्गात ख्याती होती. मुलं दुसरीकडून नवी पेन्सिल आणायची आणि टोकासाठी माझ्याकडे यायची. दिवाळीच्या सुट्टीआधी कपाट भरून ठेवायचं आणि सुट्टीत कुणालाही लागलं तर गुरुजींच्या घरून वर्गाची किल्ली न मागता खिडकीतून हात घालून घ्यायचं, अशी सोय होती. तुमच्या वर्गात घेणारं मूल असेल तर आधी त्याला देणारा करा, एवढंच मागणं.

शिक्षिका, सरकारी मराठी प्राथमिक शाळा, बार्देश, गोवा

आमच्या वर्गात हिंदू, ख्रिस्ती आणि कामानिमित्त आलेल्या कानडी, बिहारी कुटुंबांची मुलं एकत्र आहेत. गोव्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि दिवाळीला हिंदू घरातून ख्रिस्ती शेजाऱ्याकडे ताट जातं, नाताळला तिकडून कोन्सुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट येतं: नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. ताट रिकामं परतवायचं नाही ही जुनी रीत. मुलांना ही रीत घरात दिसतेच, मी ती फक्त वर्गात आणली.

नाताळची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी आम्ही कुलकुल वळतो. एका विद्यार्थ्याची आजी मळलेलं पीठ घेऊन येते. लहानशी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर अंगठ्याने दाबायची आणि गुंडाळत आणायची, की शंखासारखी वळी तयार होते. काटे पुरत नाहीत म्हणून नवे, धुतलेले कंगवे वापरतो. तळण अर्थातच आजी घरी करते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कागदाच्या पुडीत सारखे कुलकुल. ती पुडी स्वतः खायची नाही, वाटेवरच्या कुणाला तरी द्यायची, आणि कुणाला दिली ते सुट्टीनंतर सांगायचं. पोदेराला (पाववाल्याला) दिली, बसच्या कंडक्टरला दिली, मासे विकायला येणाऱ्या बाईला दिली.

एका कानडी मुलाने पहिल्या वर्षी विचारलं, 'टीचर, आमचं ताट कधी?' त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून संक्रांतीला त्याच्या आईची शेंगांची पोळी वर्गात येते आणि सगळे वाट पाहतात.

शिक्षक-सहायक, न्यू जर्सी, अमेरिका

मी मूळची नागपूरची, इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत काम करते. इथे नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे थँक्सगिव्हिंग ते नाताळ हा देण्याचा हंगाम. सरकारी शाळा असल्याने कुठल्याही एका धर्माचा सण करता येत नाही, त्यामुळे उपक्रमही तसेच असतात: फूड बँकेसाठी डबाबंद अन्न जमवणं, हातमोज्यांचं झाड. कागदाच्या झाडावर मुलं नवे हातमोजे, कानटोप्या अडकवतात आणि ज्यांना लागतील ते नेतात. मरीन कॉर्प्स रिझर्व्ह या लष्करी दलाचं 'टॉइज फॉर टॉट्स', म्हणजे गरजू मुलांसाठी खेळणी जमवणं, तर 1947 पासून चालू आहे. त्यात नवंकोरं, न गुंडाळलेलं खेळणं द्यावं लागतं.

डब्यांचं खोकं वर्गात न ठेवता जिन्याखाली ठेवतो, म्हणजे कुणी किती आणलं ते दिसत नाही. वर्गीकरण मुलंच करतात. तारीख उलटून गेलेले डबे बाजूला काढायचे, सूप एकीकडे, राजमा एकीकडे, गणिताच्या तासाला मोजणी. असंच करताना पहिलीतला एक मुलगा डबा फिरवून फिरवून बघत होता. म्हणाला, 'त्यांच्याकडे डबा उघडायचं यंत्र नसेल तर?' आम्हा मोठ्यांच्या हे डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत 'शक्यतो ओढून उघडता येणारे डबे' अशी ओळ घातली. तो प्रश्न त्याने का विचारला हे मी त्याला विचारलं नाही.

रविवारच्या मराठी शाळेत आम्ही दिवाळीला इथल्या वृद्ध मराठी आजी-आजोबांना मुलांकडून फोन करवतो. मुलांनी पाच मिनिटं मराठीत बोलायचं. आजी-आजोबा अर्धा तास सोडत नाहीत.

शिक्षक, नाशिक जिल्हा

थोडक्यात लिहितो. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं. तिसरीच्या वर्गाने दिवाळीत ज्यांना सुट्टी नसते त्यांची यादी केली: एसटीचे चालक-वाहक, दवाखान्यातल्या नर्सबाई, वायरमन, पोलीस. प्रत्येकाने एक कार्ड लिहिलं. जवळच्या आगारात ती आम्ही स्वतः नेऊन दिली. दिवाळीत जादा गाड्या सुटतात, त्यामुळे तिथे श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरी वाहकांनी ती उभ्या उभ्या वाचली. एका मुलीने लिहिलं होतं, 'काका, सगळे घरी पोचल्यावर तुमची दिवाळी कधी असते?' त्या काकांनी उलट पोस्टकार्ड पाठवलं, शाळेच्या पत्त्यावर. 'तुळशीच्या लग्नाला' एवढंच उत्तर आणि खाली सही. ते आम्ही काचेच्या फळ्यावर लावलंय.

बीडच्या ताईंना प्रश्न, धागाकर्तीकडून

ताई, वह्या कशा शिवता? आमच्या दुसरीला जमेल का?

उत्तर, बीड

दुसरीला पानं जुळवायला द्या, शिवायला नको. दहा-बारा पानं मधोमध दुमडायची, दुमडीवर तीन भोकं मोठ्यांनी दाभणाने पाडून द्यायची. मग चौथीची मुलं सुतळीपेक्षा बारीक, मेण लावलेल्या दोऱ्याने मधल्या भोकातून सुरू करून मधल्याच भोकात गाठ मारतात. फार जाड वही केली तर पानं बाहेर येतात. रेघा वर-खाली झाल्या तरी चालतं.

शिक्षक, महापालिका शाळा, कोल्हापूर

दिवाळी नाही, होळीचं सांगतो. 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) हाक आमच्याकडे चांगली रुजलीय, आणि कोल्हापूरकर होळीला शेणीपण (गोवऱ्या) दान करतात, पंचगंगा स्मशानभूमीसाठी. आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, त्यामुळं चितेसाठी शेणी लागतातच. लहान मुलांना स्मशान कशाला, असं एका पालकांनी विचारलं होतं. मी मुलांना तिथं नेत नाही, पण शेणी कुठं जातात ते सांगतो. चौथीची पोरं समजून घेतात. एकजण म्हणाला, 'म्हणजे माझ्या आज्जाला पण कुणीतरी दिलेल्या असणार.' त्या वर्षी त्याच्या घरून दोन पाट्या आल्या.

पोळीचं काही व्यवहारी सांगतो, कारण इथंच गडबड होते. प्रत्येकानं एकच पोळी आणायची, जास्त नको. ज्याच्या घरात पुरण घातलं नाही त्यानं भाकरी, चपाती, जे झालं असेल ते. डब्यात सगळं एकत्रच जातं, कुणाचं काय ते कळत नाही. पोळ्या गरम असताना एकावर एक रचल्या तर घाम धरून चिकटतात, तेव्हा गार करून मधे सुती कापड घालायचं. वर्तमानपत्र नको, शाई लागते. कटाची आमटी घ्यायचीच नाही, ती सांडते आणि आंबते. पुरण उन्हाळ्यात रात्रीपर्यंत टिकत नाही, म्हणून दुपारी वाटप झालंच पाहिजे. आम्ही पोळ्या बांधकामावरच्या लोकांना देतो. त्यांची जेवणाची सुट्टी एक वाजता असते, आम्ही त्याच्या आधी पोचतो. पोरं हातात देत नाहीत, पंगतीत बसवून वाढतात आणि शेवटी तिथंच स्वतःही जेवतात.