मदत हवी आहे: दादाच्या कंबरेच्या गोळ्या सुटत नाहीत

हर्णैहून लिहितेय. दादा तांडेल आहे, म्हणजे होडी चालवणारा मुख्य खलाशी. दोन वर्षांपूर्वी जाळं ओढताना होडीत घसरला आणि कंबर धरली ती धरलीच. डॉक्टरांनी दुखणं थांबवायला ट्रॅमॅडॉल (अफूच्या जातीचं, सवय लागू शकणारं औषध) आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दहा दिवसांसाठी दिली होती. चिठ्ठी न बघता देणारा दुकानदार त्याला मिळाला (नाव लिहीत नाही), मग दहा दिवस कुठले!

परवा वहिनीने जाळं शिवायच्या सुयांचा डबा उघडला, तर आत रिकाम्या स्ट्रिपा, रबर लावून नीट बांधलेल्या. हिशेब केला तर दिवसाला बारा गोळ्या होतात. एका गोळीत ट्रॅमॅडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ, म्हणजे रोजचे ४५० आणि ३९००. वर संध्याकाळी बंदरावर दोन पेग असतातच.

मागे एकदा गोळ्या लपवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया, नाक गळतंय, घाम, जुलाब, रात्रभर पाय झाडतोय. तिसऱ्या रात्री वहिनीनेच गोळ्या काढून दिल्या. मी तिच्यावर ओरडले, ते चुकलंच माझं.

१ जूनला मासेमारी बंद होईल, होड्या शाकारल्या की तो घरीच. तोवर थांबलं तर चालेल का?

चिपळूणचा औषधवाला: थांबू नका, ताई. ट्रॅमॅडॉल दिवसाला ४०० च्या वर नेत नाहीत. पुढे झटके येण्याचा धोका वाढतो, आणि हा माणूस सुकाणूवर असतो! दारूबरोबर श्वास मंदावतो. रोज दारू पिणाऱ्याच्या यकृताला ३९०० पॅरासिटामॉलही जड. पण लपवून एकदम बंदही करू नका, डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, चिठ्ठीशिवाय देणं गुन्हाच. आमच्याच धंद्यातले लोक देतात, लाज वाटते. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा. नाव ऐकून घाबरू नका. आधी टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

खाडीपलीकडची नर्स: वहिनींना एवढं सांगून ठेवा. घोरणं घरघरीसारखं झालं, हलवून जाग येत नाही, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तर 'झोपू दे त्याला' म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ लावा, रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या. दवाखान्यात नॅलोक्सोन देतील, म्हणजे अशा गोळ्यांचा असर उतरवणारं औषध. त्याचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणू नका.

मी (धागाकर्ती): दोघांचे आभार. १४४१६ वर बोलले, बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. सोमवारी रत्नागिरीला न्यायचं ठरलंय. वहिनीने त्याला सांगितलंय, कंबर दाखवायला जायचंय. दुखते तर आहेच ना ती.