मदत हवी आहे: अल्बाकोरचं मॉडेल वळताना आत लोळतं आणि नाक खाली घालतं

नमस्कार मंडळी. अमेरिकी नौदलाच्या अल्बाकोर या प्रायोगिक पाणबुडीचं रेडिओ कंट्रोल मॉडेल आहे. लांबी १ मीटर, व्यास १३ सें.मी., बुडाल्यावर आतल्या पाण्यासकट वजन ८ किलो. शेपटीला अधिकच्या चिन्हासारखी चार पाती, त्यांच्या मागे प्रोपेलर. सरळ उत्तम जाते. पूर्ण वेगात सुकाणू ३० अंश दिलं की झपकन वळणाच्या आत कलते आणि नाक खाली घालून तळ गाठते. हळू वेगात काही होत नाही. शिसं वाढवू की सुकाणू बदलू? आणि अल्बाकोरचा थेंबासारखा आकार इतका चांगला, तर आजच्या पाणबुड्या नळकांड्यासारख्या का?

प्रतिसाद १
बांधणीत चूक नाही, खऱ्या अल्बाकोरलाही हा त्रास होता. कारण आहे सेल, म्हणजे वरचा मनोरा. वळताना पाणबुडी थोडी तिरकी चालते, पाणी सेलवर बाहेरच्या बाजूने येतं आणि सेल उभ्या पंखासारखी आत ढकलली जाते. हा जोर मध्यरेषेच्या वर लागतो, म्हणून ती आत कलते. एकदा कलली की सुकाणूही तिरपं होतं, शेपूट वर उचलतं आणि नाक खाली जातं.

वेग दुप्पट झाला की सेलवरचा जोर चौपट होतो. तिला सरळ करणारा वजनाचा जोर मात्र तेवढाच राहतो. म्हणून हळू वेगात काही दिसत नाही.

आधी गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटतं तो बिंदू) प्लावनमध्याच्या (पाण्याचा वर उचलणारा जोर जिथे लागतो त्या बिंदूच्या) किती खाली आहे ते मोजा. मॉडेल पूर्ण बुडवून स्थिर करा, आतलं १०० ग्रॅम शिसं मध्यरेषेवरून ५ सें.मी. बाजूला सरकवा. ३ अंश कलली तर अंतर साधारण १२ मि.मी. आहे. ६ अंश कलली तर जेमतेम ६, ते फारच कमी. शिसं वाढवू नका, आहे तेच तळाला पसरवा आणि बॅटरी खाली घ्या. वाढवलंत तर तेवढा फोम वर भरावा लागेल.

प्रतिसाद २
त्याबरोबर पूर्ण वेगात सुकाणू १० ते १२ अंशांवर अडवा आणि सेलची उंची कमी करा. डावं आणि उजवं, दोन्ही वळणं करून बघा. एकाच बाजूला जास्त लोळत असेल तर त्यात प्रोपेलरच्या पिळाचाही वाटा आहे.

मूळ अल्बाकोर १९५३ साली सेवेत आली तेव्हा पाती प्रोपेलरभोवती होती. १९५६ मध्ये शेपूट बदलून प्रोपेलर सगळ्यांच्या मागे नेला. तुमचं मॉडेल या टप्प्याचं दिसतंय. १९६०-६१ च्या दुरुस्तीत शेपूट एक्सच्या आकाराची झाली, सेलच्या मागच्या कडेला जादा सुकाणू आलं आणि हलभोवती, म्हणजे मुख्य सांगाड्याभोवती, दहा ब्रेकच्या झडपा बसल्या. माझ्या मते एक्स शेपूट करून बघाच. चार सर्व्हो (पाती फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) लागतील आणि रेडिओत मिक्सिंग, म्हणजे एकाच काठीवर चारही पाती हलवण्याची सोय. पाण्यात सोडण्याआधी टेबलावर तपासा: रेडिओची काठी मागे ओढली की चारही पात्यांच्या मागच्या कडा वर, डावीकडे दिली की चारही डावीकडे. एक जरी उलटी गेली तरी ती पाण्यात गरगरेल.

प्रतिसाद ३
नळकांड्याबद्दल. खोल पाण्यात लाटा उठवण्यात शक्ती जात नाही. उरतं ते पृष्ठभागाचं घर्षण आणि आकारामुळे होणारा अडथळा. बारीक-लांब केली तर पहिलं वाढतं, आखूड-जाड केली तर दुसरं. दोन्हींची बेरीज लांबी व्यासाच्या सहा-सात पट असताना सर्वांत कमी येते. अल्बाकोर साडेसात पटीच्या आसपास होती. तो आकार लगेच अमेरिकेच्याच बार्बेल वर्गातल्या पाणबुड्यांनी आणि अणुशक्तीवरच्या स्किपजॅकने उचलला, दोन्ही १९५९ साली सेवेत आल्या.

पण या किमान बिंदूपाशी आलेख सपाट आहे. थोडी लांब केली तर फार नुकसान नाही, आणि बांधायला फार सोपं. थेंबात सांगाड्याचं प्रत्येक कडं वेगळ्या व्यासाचं वाकवावं लागतं, नळकांड्यात सगळी एकसारखी. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली कलवरी पाणबुडी ६७.५ मीटर लांब आणि ६.२ मीटर व्यासाची आहे, म्हणजे जवळपास ११ पट. गोल नाक आणि निमुळती होत एका प्रोपेलरवर संपणारी शेपूट मात्र अल्बाकोरसारखीच. विशाखापट्टणमला ठेवलेली जुनी कुरसुरा पाणबुडी शेजारी आणून बघा: टोकदार नाक, वर सपाट डेक, मागे तीन प्रोपेलर. ती पाण्यावर धावायला बांधली होती.

तुमच्या मॉडेलला मध्ये नळकांड्यासारखा समांतर तुकडा घालायचा मोह होईल. घालू नका, आधी कलण्याची चाचणी करून आकडा इथे टाका.