नदीकाठचं सामाईक रान तोडीला निघालंय, ककणेराची ढोली कशी वाचवायची?

पऱ्याकाठची (प्रश्न)
संगमेश्वर तालुक्यात डोंगरउतारावर आमचं वरकस रान आहे. खालून पऱ्या (ओढा) जातो, तो पुढे बावनदीला मिळतो. सातबारा सामाईक, आजोबांच्या चारही मुलांच्या वारसांची नावं त्यावर. शिमग्याला सगळे जमले तेव्हा मोठ्या काकांनी विषय काढला, की तोडवाला आलाय, सगळं रान ठोक घेतो म्हणतो. त्या पैशात घराचं छप्पर होऊन जाईल. मुंबईच्या चुलतभावांनी लगेच माना डोलावल्या.

पऱ्याच्या कडेला एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीचं तोंड सध्या लिंपलेलं आहे, एक उभी चीर तेवढी उघडी. ककणेराचा (धनेश पक्ष्याचा) नर शेजारच्या फांदीवर बसतो, मान पुढेमागे हलवतो आणि घशातून एकेक उंबर वर काढून त्या चिरेत देतो. आतून चोचीचं टोक दिसतं, बाकी काही नाही. बुंध्याशी काजऱ्याच्या चपट्या बिया आणि विष्ठेचा सडा. हे सगळं काकांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "पक्षी काय गो, दुसरं झाड बघेल."

भांडण नकोय. छप्पर खरंच गळतंय, काकूने माजघरात पातेली मांडून पावसाळा काढलाय. मधला मार्ग कोणी काढला असेल तर सांगा.

तलाठी नव्हे
आधी ताजा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे खाजगी वनाची नोंद असेल तर १९७५ च्या खाजगी वने कायद्याचा प्रश्न येतो आणि तोडीचं गणितच बदलतं. नोंद नसेल, तरी जमीन सामाईक आहे, तुमची संमती लागणार. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. "सगळ्यांनी दिली, तू पण दे" हे वाक्य कानावर येणारच आहे.

सप्तलिंगीकाठ
ताई, कायद्यावर फार विसंबू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे तोडीला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, सोळा जाती: साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशा. हिरडा आत आणि बेहडा बाहेर! सातवीण नाही, सावर नाही, उंबर नाही, वड नाही. धनेश ज्या झाडांत ढोली धरतो आणि ज्यांची फळं खातो, त्यांतली बहुतेक या यादीत नाहीतच.

चालू घरट्याची गोष्ट निराळी. वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी नासणं, घरट्यांना त्रास देणं येतं. वनरक्षकाला लेखी कळवा, फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या.

आता काकांच्या "दुसरं झाड बघेल"बद्दल. धनेशाला सुतारपक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. त्याला आयती ढोली लागते, आत मादी पिल्लांसकट मावेल एवढी. फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावं, गाभा कुजावा, मग कुठे अशी जागा होते. आमच्या बाजूला एकदा तोडलेलं रान दहा-पंधरा वर्षांनी परत तोडीला येतं. खुंटांना फुटवे येतात, लांबून सगळं हिरवंगार दिसतं, पण मांडीएवढ्या बुंध्यात ढोली कुठून यायची? शिवाय कवड्या धनेशाची (तुमचा ककणेर तोच असावा) मादी आत कोंडून घेते, तिथेच पिसं गाळते आणि साधारण पिल्लांबरोबरच बाहेर पडते. तोवर सगळी मदार नरावर. आणि जवळपास उंबर-वड नसतील तर नर तरी आणणार काय?

तोडवाल्याशी बोलायचं ते बेहड्याच्या दराचं. बेहडा, सातवीण, उंबर यांना तो सरपणाचाच भाव लावतो, त्याचा डोळा ऐन-किंजळीवर. त्यामुळे ही झाडं सोडली तर ठोक रकमेत फारसा फरक पडत नाही. सोडायच्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा मारा आणि ती यादी करारनाम्यात घाला. तोंडी बोलणी तोडवाल्याच्या माणसांपर्यंत पोचत नाहीत. तोड दिवाळीनंतर सुरू व्हावी आणि ढोली लिंपायच्या दिवसांआधी संपावी.

सगळ्यात महत्त्वाचं, पऱ्याच्या दोन्ही कडा सोडा आणि जेसीबीचा रस्ता पऱ्यातून काढू देऊ नका. नुकसान कुऱ्हाडीपेक्षा रस्त्याने जास्त होतं. उकरलेली तांबडी माती पहिल्या पावसात खाली येते, कोंड (पऱ्यातले डोह) भरतात. काठची शेरणीची झुडपं गाडली गेली की कड धरून ठेवायला काही उरत नाही. मग चैतात पाणी आटलं की मासे जायचे कुठे? उरलेल्या डबक्यात मासे मारायला ब्लिचिंग पावडर टाकणारे महाभाग आहेतच.

चाकरमानी
पण पश्चिम घाट इको-सेन्सिटिव्ह झाला की हे आपोआप बंद होईल ना?

सप्तलिंगीकाठ
पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा जुलै २०२४ चा. त्यात मुख्य बंदी खाणी, क्वारी, औष्णिक वीज आणि लाल गटातल्या (जास्त प्रदूषण करणाऱ्या) कारखान्यांवर आहे. ती हवीच. पण रत्नागिरी जिल्ह्यात रान बहुतांश खाजगी, त्याचा फैसला शिमग्या-गणपतीत ओटीवर होतो.

डोंगरकूस
सगळं ठीक, पण पक्ष्यांचे फोटो काढायला येणारे काकांचं छप्पर घालून देणार आहेत का?

सप्तलिंगीकाठ
नाही देणार. म्हणून तर मी तोड अडवा म्हटलं नाही, झाडं निवडा म्हटलं. आणि फोटोवाल्यांना ढोलीची जागा सांगूच नका. झाडाखाली माणसं असली की नर भरल्या घशाने लांबच बसून राहतो आणि आतली उपाशी. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडात महाशीर मासा टिकला तो देवीच्या नावावर. तुमच्या उतारावर देवस्थानाची जागा लागून असेल तर गुरवालाही विचारून बघा, काकांसमोर त्याचा शब्द आपल्यापेक्षा जड.

पऱ्याकाठची
काकांशी बोलले. बेहडा आणि पऱ्याची कड सोडायला तयार झाले, दराचं पटलं. अडलंय ते उतारावरच्या वडावर, तोडवाला म्हणतो गाडी तिथूनच वळणार. वनरक्षक उद्या येतायत. अर्जात फक्त ढोलीचं लिहू की वडाचंही?

तलाठी नव्हे
दोन्ही लिहा. ढोली पहिल्या परिच्छेदात, वड दुसऱ्यात, सोबत गट नंबर आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा. वडाला कायदा नाही, पण पंचनाम्यात नाव आलं की तोडवाला गाडी वळवायला दुसरी जागा शोधतो.