वसंत ऋतूनिमित्त लहान मुलांना कोणत्या सोप्या ओरिगामी कृती शिकवाव्यात?

बालवर्ग_शिक्षिका:
नमस्कार. गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कार्यानुभवाचे दोन तास वसंत ऋतूला द्यायचे ठरले आहे, आणि त्यात मुलांच्या हाती कात्री न देता केवळ घड्या घालून होणाऱ्या वस्तू शिकवाव्यात असे माझ्या मनात आहे. होडी आणि विमान बहुतेकांना येते. त्यापुढे त्यांनी काही केलेले नाही. ओरिगामीच्या पुस्तकांत वसंतासाठी ट्युलिप, चेरीचा बहर आणि बेडूक दिसतात, परंतु आमच्या मुलांना या दिवसांत शाळेच्या वाटेवर पळस आणि पांगारा दिसतो. चाळीस मुलांच्या वर्गात कोणत्या कृती निभावतील आणि कागद कोणता घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घडीवर_घडी:
ट्युलिपपासूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याच्या फुलाला मोजून चार घड्या लागतात आणि सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच तासात काहीतरी पूर्ण केल्याचा आनंद मिळतो. चौरस कागदाची रंगीत बाजू खाली ठेवून कर्णावर घडी घालावी, म्हणजे त्रिकोण होतो. घडीची लांब बाजू आपल्याकडे आणि शेंडा वर असू द्यावा. लांब बाजूच्या मध्यापासून घडी घालून डावे टोक वर उचलावे, मात्र ते थेट शेंड्यावर न नेता त्याच्या डावीकडे, किंचित खाली ठेवावे. उजवे टोकही तसेच आणले की तीन पाकळ्या दिसू लागतात. खालचे टोक थोडेसे मागे दुमडले की फूल तयार होते.

देठासाठी हिरवा चौरस घ्यावा. त्यावर एका कर्णाची घडी पाडून ती उघडावी, एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्या रेषेवर आणाव्यात आणि पतंगासारखा आकार झाला की उरलेल्या दोन कडाही त्याच रेषेवर दुमडाव्यात. आता खालचे टोक वरच्या टोकाच्या जरा खाली येईल असे वर दुमडून संपूर्ण आकार उभा मिटावा. बाहेरचे आखूड टोक बाजूला ओढले की ते पान होते. देठात बऱ्याच मुलांना मदत लागते, म्हणून तो दुसऱ्या तासासाठी राखून ठेवावा.

योकोहामावासी:
वरच्या प्रतिसादातील त्रिकोण वाया जाऊ देऊ नका. तोच शेंडा खाली करून धरला की जपानी मुलांचे आवडते शिरस्त्राण करता येते. येथे ५ मे हा बालदिन असतो, त्या सुमारास घरांवर कापडी कार्प मासे फडकतात आणि मुले वर्तमानपत्राची शिरस्त्राणे करून डोक्यावर घालतात. डावे-उजवे टोक खालच्या टोकावर आणावे, तेथून दोन्ही टोके वर न्यावीत, मग त्यांचे शेंडे शिंगांसारखे बाहेर वळवावेत. खालच्या टोकाचा फक्त वरचा पदर वर दुमडून कडेवर पुन्हा एक घडी घालावी आणि मागचा पदर आत सारावा. वर्तमानपत्राचे जोडपान उघडून त्यातून निघेल तेवढा मोठा चौरस घेतला, तर ते लहान मुलाच्या डोक्यावर नीट बसते.

बेडकाविषयी एक खुलासा करतो. जपानी हायकूच्या परंपरेत बेडूक हा वसंताचा सूचक मानला जातो, म्हणून तो त्या पुस्तकांत असतो. आपल्याकडे त्याचे दिवस पावसाळ्यात येतात. त्यामुळे उडी मारणारा बेडूक जूनमध्ये शाळा उघडल्यावर करून घेणेच उचित ठरेल. चेरीचे फूल या वयाला टाळावे, कारण त्यासाठी पाच समान भाग पाडावे लागतात आणि शेवटी कात्रीही लागते.

कागद_आणि_कोन:
कागदाबद्दल सांगतो. घोटीव कागद उत्तम, कारण त्याची एक बाजू रंगीत आणि दुसरी पांढरी असते, त्यामुळे "पांढरी बाजू वर" एवढी एकच सूचना पुरते. कार्डशीट मुळीच घेऊ नये. घडीवर ते तडकते. ओरिगामीचा प्रचलित कागद १५ सेंटीमीटरचा असतो, पण लहान बोटांना थोडा मोठा बरा पडतो. ए४ कागदातून २१ सेंटीमीटरचा चौरस निघतो, तो आपण आधीच कापून ठेवावा, आणि अगदी काटकोनात कापावा. चौरस तिरका असेल, तर मुलाने कितीही मन लावले तरी टोके जुळत नाहीत आणि दोष मात्र त्याला स्वतःचा वाटतो.

मुलांना प्रत्येक घडीत कोपऱ्यावर कोपरा ठेवून एका बोटाने दाबायला, आणि मगच मधून बाहेरच्या बाजूला घडी चेपायला शिकवा. आपण वर्गासमोर चार्टपेपरचा मोठा चौरस घेऊन तो मुलांच्या बाकावर असेल त्याच दिशेने धरावा. पुस्तकातील आकृत्या वाचताना नुसत्या तुटक रेषेवर कागद आपल्याकडे दुमडायचा आणि तुटक रेषेत टिंबे असतील तर मागे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. अकिरा योशिझावा यांनी विसाव्या शतकात रूढ केलेली ही चिन्हे आता जगभर चालतात, त्यामुळे पुस्तक जपानी भाषेत असले तरी अडत नाही.

बालवर्ग_शिक्षिका:
मनःपूर्वक आभार. ट्युलिप आणि शिरस्त्राण नक्की केले. तरीही पळसाचे काही करता येईल का?

घडीवर_घडी:
पळसाची म्हणून रूढ अशी सोपी कृती माझ्या पाहण्यात नाही, पण ट्युलिपचेच फूल त्याच्या बरेच जवळ नेता येते. केशरी घोटीव कागदाचे सात-आठ सेंटीमीटरचे चौरस घ्यावेत, आणि दोन्ही बाजूंची टोके समान न उचलता एक जवळजवळ शेंड्याला भिडवावे व दुसरे बरेच बाहेर, खालच्या अंगाला ठेवावे. मग ते टोक पळसाच्या पाकळीसारखे चोचदार दिसते. खालचे टोक मागे दुमडल्यावर तेवढा भाग गडद तपकिरी खडूने रंगवावा, कारण पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग मखमली आणि काळपट असतो. फुलाच्या वेळी पळसाला पाने जवळजवळ नसतात, त्यामुळे हिरवा देठ करायची गरजच उरत नाही. वाळलेली एखादी फांदी वर्गात आणून तिच्यावर सर्व मुलांची फुले दाटीने चिकटवावीत.