मदत हवी आहे: आंतर-हाउस रग्बी आणि बॉक्सिंग एकाच आठवड्यात बसवायचंय

पौडरोड
नमस्कार मंडळी. मुळशी बाजूला मुलांची निवासी शाळा आहे, चार हाउस. रग्बी जुलैत आणि बॉक्सिंग गणपतीनंतर व्हायचं. यंदा पावसाने मैदान मिळालंच नाही. आता गणपतीच्या सुट्टीला मुलं घरी जायच्या आत दोन्ही स्पर्धा उरकायच्या, असं वरून ठरलंय. हातात सोमवार ते रविवार. वेळापत्रक उद्या संध्याकाळी नोटीस बोर्डवर लागायलाच हवं. रोज सकाळी रग्बी, दुपारनंतर बॉक्सिंग असं ठेवलं तर बसेल का? कोणाकडे तयार तक्ता असेल तर द्या. 'एक स्पर्धा पुढे ढकला' हा सल्ला कृपया नको, तो मार्ग बंद आहे.

स्क्रमहाफ
तक्ता होईल, पण यावरून नाही. वयोगट कोणते? पंधराची रग्बी की सेव्हन्स, म्हणजे सात-सातची? संघात किती मुलं? मैदान गवताचं की मुरमाचं, आणि लांबी-रुंदी किती?

निळा कोपरा
बॉक्सिंगचंही सांगा. वजनगट किती, एका गटात एका हाउसची किती मुलं, रिंग कुठे लागते, कशावर लागते, डॉक्टर ठरलाय का? रिंगसाइड डॉक्टर जागेवर नसेल तर घंटा वाजवायची नाही, हे शाळेच्या स्पर्धेलाही लागू. आणि सगळ्यात आधी हे सांगा, की दोन्ही खेळांत नाव असलेली मुलं किती?

लाल माती
रग्बी-बॉक्सिंग कशाला? कबड्डी आणि कुस्ती ठेवा. पुण्यात चांगले वस्ताद मिळतात, साहित्याचा खर्च जवळपास नाही, आणि पाऊस असला तरी मॅटवर दोन दिवसांत निकाल लागतो.

पौडरोड
खेळ बदलायचे नाहीत.
वयोगट १४ खालील आणि १७ खालील. सेव्हन्स, प्रत्येक हाउसचे १२. बॉक्सिंगला १७ खाली ८ वजनगट, १४ खाली ६, गटात हाउसचा एकच. रिंग हॉलमध्ये लागते, जिमच्या मॅट टाकून वर कॅनव्हास. डॉक्टर एकच आहेत, शाळेचे. मैदान फुटबॉलचं, गवताचं, ९० बाय ५५. दोन्हीत नावं असलेली मुलं अर्थातच पुष्कळ. दणकट पोरं तीच दोन्हीकडे असतात. आता तक्ता द्या.

निळा कोपरा
मग तक्त्याआधी हे वाचा. सकाळी टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, डोक्याला लागलेला मुलगा दुपारी रिंगमध्ये उभा राहणार, हा तुमच्या योजनेतला खरा धोका आहे. डोकं जड होणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, ही लक्षणं कधी कधी काही तासांनी येतात. मैदानावरच्या रेफ्रीने जे पाहिलं ते रिंगमधल्या रेफ्रीला माहीत नसतं, आणि हाउसचे गुण जातील म्हणून मुलगा स्वतः सांगत नाही.

बॉक्सिंगचा नियम असा: डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झाला किंवा रेफ्रीने लढत थांबवली, तर किमान ३० दिवस लढत नाही आणि स्पारिंग (सरावाची लढत) पण नाही. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर तीन महिने, बारा महिन्यांत तिसऱ्यांदा झालं तर वर्ष. हौशी रग्बीत कन्कशननंतर (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) २१ दिवसांच्या आत सामना नाही. तुमचा अख्खा कार्यक्रम सात दिवसांचा. म्हणजे एका खेळात डोक्याला लागलं की दुसराही गेला, आणि हे कळण्यासाठी दोन्ही खेळांची मिळून एकच नोंदवही हवी. ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नाव, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. त्या वहीत नाव असलेला मुलगा कुठेच उतरणार नाही.

आणि नियम करा: एक मुलगा, एक खेळ.

स्क्रमहाफ
वहीला पूर्ण पाठिंबा. 'एक मुलगा, एक खेळ'ला नाही. चपळ आणि दणकट पोरं बॉक्सिंगला गेली तर रग्बीत टॅकल न शिकलेली मुलं उतरतील, आणि इजा त्यांनाच जास्त होते. चुकीच्या बाजूला डोकं घालून टॅकल करणारा आधी स्वतः पडतो. रग्बी सोम-मंगळ, मधे दोन दिवस मोकळे, मग बॉक्सिंग असं करा.

निळा कोपरा
दोन दिवसांनी पाय मोकळे होतात, डोकं नाही. ३० आणि २१ हे आकडे वर लिहिलेत. आणि न शिकलेल्या मुलाला टॅकल करायला लावायचंच कशाला? त्याचं नाव यादीतून काढा.

अनामिक४११
एवढं काय? लागलं तर सीटी स्कॅन करून घ्या. नॉर्मल आला की खेळू द्या.

फिजिओ_कोथरूड
नाही, हे अजिबात करू नका. सीटीत रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही. स्कॅन नॉर्मल येऊनही मुलाला खेळापासून दूरच ठेवायचं असतं. 'हेडगार्ड आहे ना' असंही कोणी म्हणू नये. हेडगार्डने भुवई फुटणं, कान सुजणं कमी होतं. मेंदू आत हलतो तो हलतोच.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, झोपेतून नीट जागं न होणं, मानेत दुखणं किंवा हातापायांना मुंग्या, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. मान दुखत असेल तर मुलाला उठवून बसवायचं नाही, आहे तसाच ठेवायचा. संध्याकाळी चांदणी चौकात वाहतूक किती तुंबते ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा लढती उशिरा ठेवू नका आणि गाडी व चालक हॉलच्या दारात हवा. डोक्याला लागलेला मुलगा त्या रात्री डॉर्मिटरीत नको, सिकरूममध्ये, शेजारी मोठं माणूस.

एक विचारायचं राहिलं: वजन कधी घेणार?

पौडरोड
वजन सोमवारी सकाळी. त्यात काय अडचण?

फिजिओ_कोथरूड
तारीख आधी जाहीर केलीत की रविवारी रात्री मुलं मेसमध्ये जेवणार नाहीत, आणि काही जण रेनकोट घालून पळतील. अर्धा-एक किलो पाणी गेलेला मुलगा चक्कर येऊन पडतो आणि सगळ्यांना वाटतं ठोसा लागला. आज-उद्या न सांगता सकाळी नाश्त्याआधी, शौचाला जाऊन आल्यावर, चड्डीवर वजन घ्या आणि गट तिथेच पक्के करा. सोमवारी फक्त ताडून पाहा. त्याच वेळी अंग तपासा. पावसाळ्यात हॉस्टेलात नायटा असतोच, आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांत अडकून ढकलतात तेव्हा, मानेला मान घासून तो पसरतो. उघडा नायटा किंवा पुवाळलेली जखम असेल तर मुलगा बाहेर.

मावशी_बाणेर
तुमच्या शाळेत सातवीला प्रवेश कधी सुरू होतात? भाच्याला घालायचंय. मेसचं जेवण कसं आहे?

पेठेतला
अवांतर आहे, पण सांगतो. निवासी शाळांत हे दोन खेळ एकत्र आले ते इंग्लंडमधून. १८२३ साली रग्बी गावच्या शाळेत एका मुलाने चेंडू हातात घेऊन धाव घेतली, ही आख्यायिका आहे. समकालीन पुरावा नाही. बॉक्सिंगचे हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि मधे एक मिनिट विश्रांती हे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांमधून आलं. आणि इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतली शिल्लक रुपयांत काढून, ते वितळवून कप केला.

स्क्रमहाफ
पेठेतला, माहिती छान आहे. पुण्याचं म्हणाल तर भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली वाहबिज भरुचा इथलीच. २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, तो पंधराच्या रग्बीतला आपल्या महिला संघाचा पहिला विजय. पण धागाकर्त्यांकडे एकच दिवस आहे, तेव्हा मैदानाकडे वळतो.

९० मीटरमध्ये ट्रायलाइन (जिच्यापलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो) थेट टोकाला आखू नका. मागे इन-गोल (रेषेमागची जागा) किमान ६ मीटर लागतो, नाहीतर ट्राय करायला झेपावलेला मुलगा कुंपणात किंवा गटारात जातो. म्हणजे ६ + ७८ + ६. फुटबॉलचे लोखंडी गोल उचलून पार बाहेर न्या. ते रग्बीला चालतही नाहीत: त्यांची आडवी दांडी २.४४ मीटरवर, रग्बीची ३ मीटरवर, रुंदी ७.३२, रग्बीची ५.६. कन्व्हर्जनची (ट्रायनंतर गोलवर मारायची) आणि पेनल्टीची किक रद्द करा, ट्रायचे ५ गुण एवढंच ठेवा. कोपऱ्यांत मऊ झेंडे लावा, लोखंडी सळया नकोत.

रेषा आखायची फक्की कशाची आहे ते आज बघा. बऱ्याच ठिकाणी स्टोअरमध्ये बांधकामाचा चुना पडलेला असतो आणि शिपाई तोच मारतो. ओल्या गवतावर तो चुना गुडघ्याच्या खरचटीत आणि डोळ्यात जातो. फुटबॉलमध्ये मुलं रेषेवर पाय ठेवतात, रग्बीत तोंड ठेवतात. खडूची किंवा संगमरवराची पावडर आणा. ओळख सोपी आहे: पातेल्यात थोडं पाणी घेऊन मूठभर पावडर टाका. पाणी गरम झालं तर चुना. पण गरम झालं नाही म्हणजे सुरक्षित असंही नाही, भिजवून मुरलेला चुना गरम होत नाही आणि डोळा तोही जाळतो. गोणीवर काय लिहिलंय ते वाचा.

चेंडू १४ खाली ४ नंबर, १७ खाली ५ नंबर, हवा ९.५ ते १० पीएसआय. फुटबॉलचीच सुई चालते. बुटांचे स्टड २१ मिमीच्या वर नकोत. प्रत्येक स्टडवरून अंगठा फिरवून धार आलीय का बघा. सेव्हन्सचा स्क्रम तीन-तीनचा. मैदान ओलं असेल तर ढकलाढकली नाही, चेंडू टाकणाऱ्याच्या संघालाच मिळेल. १४ खाली टॅकल बंद ठेवा, टच रग्बी खेळवा, म्हणजे पाडायचं नाही, फक्त हात लावायचा.

निळा कोपरा
शेवटच्या वाक्याशी सहमत. आणि १४ खालचं टच असेल तर त्या गटात एकाच मुलाने दोन्ही खेळायला माझी हरकत नाही, फक्त वही तीच.

आता तुमची रिंग. जिमच्या मॅट काढा. त्या मऊ असतात, पाय रुततो, वळताना घोटा जातो. खाली १.५ ते २ सेमीचं घट्ट फेल्ट किंवा रबर, वर कॅनव्हास चारी बाजूंनी ताणून. कॅनव्हासला एक चुणी राहिली तरी बूट अडकतो. दोर चार असतील तर ४०, ७०, १०० आणि १३० सेमीवर. प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी चारही दोर उभ्या पट्टीने एकमेकांना बांधा. ही पट्टी राहून जाते, आणि मग दोरावर टेकलेला मुलगा दोन दोरांच्या फटीतून पाठीवर बाहेर पडतो. बाहेर चारी बाजूंनी टेबलं असतात, त्याचं डोकं तिथे आपटतं. तुमच्या मॅट तिथे, बाहेर टाका.

हातमोजे १० औंस. हातपट्टी २.५ ते ४.५ मीटर. गमशील्ड (दातांवर बसवायचं कवच) प्रत्येकाचं स्वतःचं, लाल रंगाचं नाही, कारण तोंडातून रक्त आलेलं कळत नाही. ब्रेसेस असलेल्या मुलाला डेंटिस्टने बनवलेलं गमशील्ड हवं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तारांवर बसत नाही. आणि लढतीच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, हे नोटिशीत लिहा. तेलकट केसांवर हेडगार्ड फिरतो, दुसऱ्या फेरीत कडा डोळ्यावर येते, मुलगा हनुवटी वर करून बघायला लागतो आणि नेमका तिथेच सरळ ठोसा बसतो. रेफ्री दर वेळी थांबवून पट्टा आवळत बसतो. साबणाने डोकं धुऊन, कोरडं करून यायचं.

पौडरोड
हे सगळं उपयोगाचं आहे, पण तक्ता? एक मुलगा, एक खेळ केलं तर १७ खाली हाउसमागे १२ + ८ म्हणजे २० मुलं लागतात. आमच्याकडे हाउसमध्ये त्या वयाची २६ ते ३० आहेत. जमेल. फक्त हाउसमास्तर ओरडतील.

निळा कोपरा
ओरडू द्या. नावं वेगळी झाली की तुमचंच सकाळ-दुपार गणित सुटतं. डॉक्टर एकच आहेत म्हणून दोन्ही एका वेळी ठेवायचं नाही, एवढंच.

१७ खाली फेऱ्या ३ × २ मिनिटं, मधे मिनिटभर विश्रांती. हातमोजे बदलण्यासकट लढतीला १२ मिनिटं धरा. १४ खाली ३ × दीड मिनिट, १० मिनिटं धरा. चार हाउस म्हणजे गटात दोन उपांत्य आणि एक अंतिम, बाय (न खेळता पुढच्या फेरीत) कोणालाच नाही. मुलाला दिवसात एकच लढत.
सोमवार ३:३० पासून: १७ खाली पहिले चार वजनगट, ८ लढती, ९६ मिनिटं.
मंगळवार: उरलेले चार, ९६ मिनिटं.
बुधवार: १४ खाली १२ लढती, दोन तास.
शुक्रवार दुपारी २:३० पासून १४ अंतिम लढती, १५६ मिनिटं. बक्षिसं धरून साडेपाच.
एकमेकांसमोरच्या मुलांच्या जन्मतारखांत दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको, वजन सारखं असलं तरी.

स्क्रमहाफ
रग्बी मंगळवार-बुधवार सकाळी. शनि-रवि राखीव, कारण मुळशीचा पाऊस. साखळीत वयोगटाला ६ सामने, दोन्ही मिळून १२. सामना ७ + ७, मध्यंतर २, एकूण १६. सामन्याला २२ मिनिटं धरा. चार संघांच्या साखळीत कोणाचे तरी सलग दोन सामने येतातच, टाळता येत नाहीत. म्हणून एक सामना १४ चा, एक १७ चा असे आलटून पालटून खेळवा, मधे सुमारे अर्धा तास मिळतो. मंगळवारी ८ (अ-ब, क-ड, अ-क, ब-ड, दोन्ही वयोगट), बुधवारी ४ (अ-ड, ब-क). गुण सारखे झाले तर आपसातला निकाल, मग ट्रायचा फरक.

फिजिओ_कोथरूड
बुधवारी १४ खालच्या मुलांचं टच सकाळी आणि लढत दुपारी येतेय. १४ खालच्या उपांत्य लढती गुरुवारी न्या, तो दिवस रिकामाच आहे.

निळा कोपरा
बरोबर, गुरुवार. मंगळवारी १७ खालची वेगळी मुलं आहेत, तिथे अडचण नाही. फक्त १४ खालच्या मुलांच्या अंतिम लढती शुक्रवारी शेवटी लावा, म्हणजे त्यांना मधे पूर्ण रात्र आणि सकाळ मिळेल.

पौडरोड
लावतो. वजन उद्या पहाटे घेतोय, कोणाला सांगितलेलं नाही. स्टोअरमधल्या गोणीवर 'चुना' असंच लिहिलंय. पौडला खडूची पावडर मिळेल का? नाहीतर गाडी शहरात पाठवावी लागेल.

स्क्रमहाफ
रांगोळी विकणाऱ्या होलसेल दुकानात पांढरी पावडर गोणीने मिळते, पौडलाही असेल. विकत घेताना दगडाची रांगोळी आहे ना, चुना मिसळलेला नाही ना, ते विचारा. रेषा बोटभर जाड पुरतात, ५० किलोत काम होईल. पावसाने रेषा जातील म्हणून आणखी एक गोणी ठेवा.